जबडा कुठल्या विभागात येतो

अच्युतराव हळब्यांचा जबडा धरला तो एका डिंकाच्या लाडवापायी, आणि तो लाडू त्यांचा नव्हता. चोरीचा होता असं नव्हे. त्यांच्याच घरात, त्यांच्याच टेबलावर, त्यांच्याच स्टीलच्या डब्यात तो बसलेला होता. पण तो शेजारच्या मधुकरराव पिंपळकरांनी पाठवलेला होता, आणि अच्युतराव त्याच्याकडे ज्या नजरेने बघत होते त्या नजरेने माणूस लाडवाकडे बघत नाही. आपल्या फाटकासमोर दुसऱ्याने लावून ठेवलेल्या स्कूटरकडे बघतो.

आता हा लाडू तिथे आला कसा ते सांगायला हवं, नाहीतर अच्युतरावांवर अन्याय होईल, आणि तो त्यांच्यावर आधीच पुष्कळ झालेला आहे, असं निदान त्यांचं तरी मत आहे.

भोपाळच्या साकेत नगरात त्यांचं आणि मधुकररावांचं घर एकमेकांना लागून. मध्ये एकच भिंत. भिंतीच्या अलीकडे अच्युतराव आणि त्यांची बायको रजनीताई, पलीकडे एकटे मधुकरराव. अच्युतरावांची सगळी नोकरी बरखेड्याच्या कारखान्यात तपासणी विभागात गेली. टर्बाइनच्या पात्याला केसाएवढी भेग असली तर ती त्यांना दिसायची, आणि नसली तर ती कुठेतरी असणारच असं वाटायचं. निवृत्त झाल्यावर पाती राहिली कारखान्यात, नजर मात्र घरी आली. मधुकरराव नागपूरकडचे, पाटबंधारे खात्यातले. बायको गेलेली, मुलगा मेलबर्नला. दिवाळीच्या तोंडावर त्यांच्या हृदयाची झडप बदलली आणि ते सुखरूप घरी आले. इथपर्यंत सगळं ठीक होतं.

"एकटा माणूस," रजनीताई म्हणाल्या, "पथ्याचं कोण करून घालणार त्यांना? दुपारचा डबा मी देत जाईन."

"दे की," अच्युतराव पेपरातून डोकं न काढता म्हणाले. या दोन शब्दांचा त्यांना पुढे फार पश्चात्ताप झाला.

डबा द्यायचा म्हणजे फाटकातून हाक मारायची, डबा पुढे करायचा, तब्येत विचारायची आणि परत यायचं, असं अच्युतराव धरून चालले होते. रजनीताई मात्र डबा घेऊन आत जायच्या. आत गेल्या की दार लागायचं. आणि मग मधुकररावांचं जेवण होईपर्यंत ते उघडायचं नाही. एकदा अच्युतरावांनी सहज, म्हणजे पेपर खाली ठेवून, चपला घालून, गच्चीवर जाऊन सहज बघितलं. खिडकीचा पडदासुद्धा ओढलेला होता.

"दार कशाला लावतेस?" त्यांनी रात्री विचारलं.

"थंडी असते," रजनीताई म्हणाल्या.

भोपाळला थंडी असते, हे खरं. पण भर दुपारी, उन्हात पापड वाळत असताना?

शिवाय रजनीताई परत आल्या की त्यांच्या तोंडी तेच. "मधुकरभाऊजी काय आवडीने जेवतात हो. आज म्हणाले, वहिनी, असा भात मी नागपूरला माझ्या आईच्या हातचासुद्धा खाल्ला नाही."

"भात भातासारखाच असतो," अच्युतराव म्हणाले.

हे त्यांनी म्हणायला नको होतं, कारण तो भात भातासारखा नव्हता. तो मऊ, आसट, वर मेतकूट घातलेला, लोणकढ्या तुपाचा वास सगळ्या घरात दरवळवणारा भात होता, आणि तो डब्यात भरला जायचा. अच्युतरावांच्या ताटात ज्वारीची भाकरी आणि परतलेली भाजी. यात रजनीताईंचा काही दोष नव्हता. "मला तो गिचका भात चालणार नाही," असं अच्युतरावांनीच लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यात जाहीर केलं होतं आणि तेव्हापासून ते मागे घेतलं नव्हतं.

पण त्यांचं खरं दुखणं भाताचं नव्हतंच. रजनीताई त्यांना वाढून स्वयंपाकघरात निघून जात आणि मागाहून ओट्यापाशी उभ्याउभ्या जेवून घेत. त्या आपल्यासमोर शेवटच्या कधी बसल्या होत्या, ते अच्युतरावांना आठवेना. आणि तिकडे मात्र रोज बसत होत्या, दार लावून, पडदा ओढून. बायकोने आपण जेवताना आपल्यासमोर बसावं, एवढंच त्यांना हवं होतं. पण साठी उलटलेल्या माणसाने हे मागायचं कसं? त्यापेक्षा जळणं सोपं होतं, आणि ते त्यांनी अगदी मन लावून केलं.

आता डब्याचं. आपल्याकडे शेजाऱ्याचा डबा रिकामा परत करत नाहीत, हे लहान पोरालाही माहीत असतं. निदान चिमूटभर साखर तरी घालतात. मधुकररावांनी पहिल्या दिवशी साखरच घातली. पुढे नागपूरहून त्यांच्या बहिणीची पार्सलं यायला लागली आणि डब्यातून एकेक गोष्ट प्रकट व्हायला लागली. डिंकाचे लाडू. शेंगदाण्याची चिक्की. चकल्या. कुठल्याशा पुतण्याने आणून दिलेली मुरैन्याची तिळाची गजक. एके दिवशी तर अख्खं सुकं खोबरं, खारकांसकट.

एकटा राहणारा पुरुष दुसऱ्याच्या बायकोला रोज नवीन गोड पाठवतो, याचा अर्थ काय होतो? अच्युतरावांनी या प्रश्नाची सगळ्या बाजूंनी तपासणी केली आणि सगळ्या बाजूंनी त्यांना भेग दिसली. भांडण करण्यासारखं त्यात काही नव्हतं. लाडू पाठवला म्हणून कोणाच्या दारात जाऊन काय बोलणार? पण एक गोष्ट त्यांच्या हातात होती. त्या माणसाचा एकही लाडू रजनीच्या तोंडी लागू द्यायचा नाही.

म्हणून ते स्वतः खायला लागले. लाडू त्या बहिणीने कशाने वळले होते देव जाणे. पहिला घास तोडताना अच्युतरावांना कारखान्याची आठवण व्हायची. तरी ते खायचे. लाडू संपला की चिक्की, चिक्की संपली की खारीक. रजनीताई स्वयंपाकघरातून येऊन बघत तोवर डबा घासूनपुसून रिकामा.

"अहो, मला एक तरी ठेवायचा," त्या म्हणत.

"तुला शुगर होईल," अच्युतराव म्हणत. स्वतःची शुगर काठावर आली होती, पण त्यागाची हीच तर मजा असते.

अशा रीतीने ते त्या दिवशीच्या लाडवापाशी आले, दाढेखाली धरला, आणि जबड्यात डाव्या बाजूला टक्क असा आवाज झाला. कळ कानशिलापर्यंत गेली. तोंड मिटेना, मग मिटलं तर उघडेना. अर्धा लाडू आत, अर्धा बाहेर, अशा अवस्थेत ते बराच वेळ खुर्चीत बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी गाल सुजला नव्हता, लाल नव्हता, काही दिसत नव्हतं. हेच वाईट. मधुकररावांच्या छातीवर शिवण होती, येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवता येत होती. अच्युतरावांकडे दाखवायला फक्त अर्धवट उघडणारं तोंड होतं, आणि ते बघून लोकांना सल्ले सुचायला लागले.

समोरच्या अलकावहिनी मराठी मंडळाच्या चिटणीस. त्यांना शरीरातल्या प्रत्येक अवयवाचा मेसेज मोबाइलवर आलेला असतो. "लवंगेचं तेल," त्या म्हणाल्या, "आणि सकाळी उठल्याबरोबर तिळाच्या तेलाची गुळणी तोंडात धरून ठेवा. बोलायचं नाही. फिरवत राहायचं." अच्युतराव सकाळी गुळणी धरून अंगणात फिरत असताना पलीकडच्या गल्लीतले तिवारीजी फाटकात येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "नमस्ते साहब, कैसे हैं?" उत्तर द्यायचं तर तेल गिळावं लागणार होतं. अच्युतरावांनी ते गिळलं. तिवारीजींनी हिंग आणि मोहरीचं कडू तेल चोळायला सांगितलं. ते चोळल्यावर जबडा होता तसाच दुखत राहिला, पण घरभर फोडणीचा वास सुटला.

शेवटी रजनीताई म्हणाल्या, "पेन्शनरांचं कार्ड आहे ना, दाखवून या." म्हणून ते कार्ड घेऊन एका खासगी हॉस्पिटलात गेले. तिथे नोंदणीच्या खिडकीत एक गृहस्थ कॉम्प्युटरसमोर बसले होते. ते सज्जन होते, त्यांच्याबद्दल अच्युतरावांची काही तक्रार नाही. अडचण कॉम्प्युटरची होती. त्याला विभाग सांगितल्याशिवाय तो पुढे सरकत नव्हता.

"क्या तकलीफ़ है?"

"जबड़ा दुखता है."

"जबड़ा," गृहस्थ म्हणाले आणि स्क्रीनवर वर-खाली बघू लागले. "दाँत में लिख दूँ?"

"दाँत नहीं दुखते. दाँतों के पीछे जो है, वो दुखता है."

"तो कान-नाक-गला?"

"कान अच्छा है. नाक और गला भी." आपली तक्रार नेमकी नोंदवली जावी, असा अच्युतरावांचा बाणा होता. कारखान्यात चुकीच्या रकान्यात एक आकडा पडला तर ते कागद परत पाठवत.

"हड्डी?"

"हिलता है, इसलिए हड्डी कैसे बोलूँ?"

मागे रांग वाढत होती. रांगेतल्या एका बाईंनी मेंदूचा विभाग सुचवला. गृहस्थांनी चष्मा काढून डोळे चोळले आणि विचारलं, "किस तरफ़ है, दाएँ या बाएँ?"

"बाएँ."

"उमर?"

उमर सांगितली. गृहस्थांचा चेहरा बदलला. ते आवाज खाली आणून म्हणाले, "अंकल, बाएँ जबड़े का दर्द हार्ट का भी होता है. पहले वहीं दिखा लीजिए." आणि त्यांनी कॉम्प्युटरला हवा होता तो विभाग देऊन टाकला.

दुसरा कोणी घाबरला असता. अच्युतरावही घाबरले, नाही असं नाही. पण त्या भीतीच्या खाली कुठेतरी त्यांना एक गोड ऊब जाणवली. हृदय. म्हणजे आता भिंतीच्या दोन्ही बाजूंना सारखंच झालं.

त्या दिवशी हृदयाच्या आलेखाची पट्टी निघाली, रक्त घेतलं, बाकीच्या तपासण्या दोन दिवसांनी ठरल्या. घरी येईपर्यंत बातमी अलकावहिनींकडे पोचली होती, म्हणजे ती सगळ्यांकडे पोचली होती. तिवारीजी शहाळं घेऊन आले आणि हिंगाबद्दल त्यांनी माफी मागितली. मंडळाच्या लोकांनी आवाज खाली आणून चौकशा केल्या. आणि रजनीताई, ज्यांच्यासाठी हा सगळा जीव जळत होता त्या रजनीताई, पलंगाच्या कडेला बसून राहिल्या. "तुम्ही जिने चढू नका," त्या म्हणाल्या. "बोलू नका फार." आणि मग त्यांनी मऊ भात केला, मेतकूट घातलं, तूप घातलं, आणि समोर बसून वाटीतून चमच्याने त्यांना भरवला. त्यांचे डोळे भरले होते. अच्युतरावांना इतकं बरं वाटलं की त्यांना स्वतःची थोडी लाजच वाटली. थोडीच.

"आणि डबा?" त्यांनी अंगात त्राण नसल्यासारखं विचारलं.

"अलका नेऊन देते म्हणाली. मी कुठे जाऊ तुम्हाला सोडून?"

अलकावहिनी डबा घेऊन गेल्या, आणि डबा परत आला तो भरलेला. लाडवांनी नव्हे, सकाळचा भात जसाच्या तसा. "भूक नाही म्हणाले," अलकावहिनींनी सांगितलं. "दारातूनच. तोंडावर मफलर गुंडाळला होता. मी आत येऊन वाढते म्हटलं तर नको नको करायला लागले." दुसऱ्या दिवशीही तेच.

बघा, अच्युतराव मनात म्हणाले. माझी बायको समोर नसेल तर याच्या घशाखाली घास उतरत नाही. एवढा मोठा पुरावा त्यांना उभ्या नोकरीत मिळाला नव्हता. पण रजनीताईंची चुळबुळ सुरू झाली. त्या भरवता भरवता भिंतीकडे बघायला लागल्या. "औषधं आहेत त्यांची, उपाशीपोटी कशी घेतील?" त्या पुटपुटल्या आणि चमचा अच्युतरावांच्या तोंडाऐवजी हनुवटीला लागला.

तिसऱ्या दिवशी हृदयाच्या डॉक्टरांनी सगळे कागद समोर घेतले, एकेक चाळला आणि हसून म्हणाले, "अंकल, बधाई हो. दिल तो आपका जवानों वाला है."

अच्युतरावांचा चेहरा पडला. "ठीक से देखिए," ते म्हणाले. "कुछ तो होगा."

"कुछ नहीं है."

"थोड़ा भी नहीं?"

डॉक्टरांनी या पेशंटकडे जरा निरखून बघितलं आणि तोंड उघडायला सांगितलं. तोंड दोन बोटांपलीकडे उघडेना. डॉक्टरांनी कानापुढे बोट ठेवलं, तिथे टकटक लागली, मग बॅटरी मारून हिरड्या बघितल्या. नंतर ते गंभीर झाले आणि म्हणाले की दुखणं जबड्याच्या सांध्याचं आहे, पण हिरड्याही सुजलेल्या आहेत, त्यातून रक्त येतं आहे. तोंड म्हणजे काही शरीरापासून वेगळं ठेवलेलं भांडं नव्हे. हिरड्यांतली घाण रक्तात उतरते, शुगर आटोक्यात येऊ देत नाही, आणि पुढे जाऊन दिलालाही त्रास देऊ शकते. लगेच दातांच्या डॉक्टरला दाखवा.

यातलं 'दिल' तेवढं अच्युतरावांनी उचललं. फाटकाशी अलकावहिनी वाट बघत होत्या. "काय म्हणाले डॉक्टर?"

"हृदयाशी संबंध आहे म्हणाले," अच्युतराव म्हणाले आणि पुढचं बोलायला त्रास होतोय असं दाखवत आत गेले. यात एक अक्षर खोटं नव्हतं.

"संबंध कसला डोंबलाचा," आत रजनीताई म्हणाल्या. डॉक्टरांकडे त्या बरोबर होत्या. पण त्यांचा आवाज सैल झाला होता, आणि त्यांनी देवापुढे दिवा लावला तेव्हा बराच वेळ हात जोडून उभ्या होत्या. मग वळून म्हणाल्या, "चला आता दातांकडे."

दातांची डॉक्टर भाग्यश्री ही भोपाळातच वाढलेली मराठी मुलगी. तिची मराठी घरातून निघून हिंदीत शिरते आणि परत यायचं विसरते. "काका, आरामात लेटा," ती म्हणाली. "मुंह जितकं उघडतं तितकं उघडा. डरू नका." तिने आत रबराचा ठोकळा बसवला, दिवा ओढला, आणि मग अच्युतरावांकडे बोलायचं साधन उरलं नाही. पुढची सगळी साक्ष रजनीताईंची झाली.

"काकू, काका रात्री दात खातात का? नींदमध्ये?"

"खातात म्हणजे? मला वाटतं उंदीर लागले घरात. मी उठून दिवा लावते तर हे."

"बरोबर. दाढा घिसलेल्या दिसतात. आणि हिरड्या तर, काका, माफ करा, ब्रश नुसता आरशाला दाखवायला नसतो. बरं, कडक काय खातात?"

"लाडू," रजनीताई म्हणाल्या. "डिंकाचे. चिक्की, गजक, खारका, सुकं खोबरं. रोज. एकट्याने. मला एक देत नाहीत."

"इतकं पसंद आहे?"

अच्युतरावांनी ठोकळ्याच्या मागून एक आवाज काढला.

"पसंद कसलं," रजनीताई म्हणाल्या. "खाताना तोंड बघावं. कोणी शिक्षा दिल्यासारखं खातात."

"मग खातात का?"

रजनीताईंनी नवऱ्याकडे बघितलं. नवरा छतावरच्या दिव्याकडे बघत होता.

"हे सगळं कधीपासून, काकू?"

"मधुकरभाऊजींचा डबा सुरू केला ना," रजनीताई सावकाश म्हणाल्या, "तेव्हापासून."

अच्युतरावांना वाटलं, जबडा असा उघडा नसता तर आपण काहीतरी तडाखेबंद उत्तर दिलं असतं. काय दिलं असतं ते मात्र त्यांना सुचलं नाही.

डॉक्टरीणबाईंनी हिरड्या साफ केल्या, रात्री दातांवर घालायच्या एका खोळीचं माप घेतलं, आणि निकाल सांगितला. महिनाभर सगळं मऊ खायचं. चिक्की दिसली तर दुसरीकडे बघायचं. दोन वेळा नीट ब्रश, शुगरवर लक्ष. "और काका, टेंशन नाही घ्यायचं. जे दिमागात असतं ना, ते माणूस रात्री चावतो."

रिक्षात रजनीताई बाहेर बघत बसल्या होत्या. रस्ता खराब होता, प्रत्येक खड्ड्याला अच्युतराव गाल धरत होते, आणि त्यांना वाटत होतं की ती ओरडेल तर बरं. घर जवळ आल्यावर त्या म्हणाल्या, "या वयात?"

"कुठे काय," अच्युतराव म्हणाले.

"लाजा वाटत नाहीत?"

"तू दार लावून बसतेस. पडदा ओढतेस. काय समजायचं माणसाने?"

"मी शब्द दिलाय त्यांना, म्हणून मी सांगणार नाही," रजनीताई म्हणाल्या. "तुम्हाला डोळे आहेत. उद्यापासून डबा तुम्ही न्यायचा. तुम्हालाही मऊच खायचंय, त्यांनाही मऊच. दोघांचा भात एकच करते. तिथेच बसून जेवा. आणि दार वाजवू नका, ढकला."

दुसऱ्या दिवशी अच्युतराव डबा घेऊन निघाले. अंगणातून फाटक, फाटकातून दुसरं फाटक, एवढाच प्रवास, पण डबा हातात असला की माणूस समोरच्या घरातून कसा दिसतो याची त्यांना नव्याने जाणीव झाली. अलकावहिनी खिडकीत होत्याच. दार ढकललं.

मधुकरराव टेबलापाशी पाठमोरे बसले होते. "या वहिनी," असं ते म्हणाले, पण आवाज भलताच फुसका होता. ते वळले. त्यांचे गाल आत गेले होते, ओठ तोंडात ओढले गेले होते, नाक आणि हनुवटी एकमेकांजवळ आली होती. उंच, ऐटदार, मिशीला पीळ देणारे मधुकरराव पिंपळकर, आणि तोंडात एक दात नाही. अच्युतरावांना बघताच त्यांनी टेबलावरचा टॉवेल ओढून तोंडाशी धरला.

अच्युतरावांनी डबा टेबलावर ठेवला.

"झडपेच्या आधी," मधुकरराव शेवटी टॉवेलमागून म्हणाले, "त्यांनी तोंड तपासलं. म्हणाले, हिरड्या सगळ्या सडल्या आहेत, पू आहे. हे असंच ठेवून नवीन झडप बसवली तर घाण रक्तातून तिथे जाऊन बसेल. दात थोडेच उरले होते, तेही काढले. कवळी बसवायला अजून अवकाश आहे. मी आयुष्यात दातांच्या डॉक्टरकडे गेलो नाही, अच्युतराव. दात दुखला की तंबाखू धरायचो तिथे."

"मला सांगायचं," अच्युतराव म्हणाले.

"तुम्हाला?" मधुकररावांनी टॉवेल जरा खाली केला. "सगळ्यांना सांगितलं असतं, पण तुम्हाला नाही. वहिनींना म्हटलं, बाकी काही करा, अच्युतरावांना कळू देऊ नका. तुम्ही मागे मंडळाच्या सहलीला ऊस दातांनी सोललात. सगळ्या बायकांच्या देखत. तेव्हापासून जळतो मी तुमच्यावर."

"माझ्यावर?"

"मग काय. आणि आता तर रोज. नागपूरची बहीण लाडू पाठवते, तिला कोण सांगणार, दादाचे दात गेले म्हणून? खाता येत नाही, टाकवत नाही. डबा रिकामा तर द्यायचा नसतो. म्हटलं, दात असलेल्या माणसाच्या तोंडी तरी लागतील. वहिनी सांगायच्या, एकही उरू देत नाहीत म्हणून. फार बरं वाटायचं हो. दुपारी भिंतीशी बसलं की तुमच्या चावण्याचा आवाज यायचा."

आपल्यावर कोणी जळतं, हा अनुभव अच्युतरावांना नवा होता. त्यांनी तो क्षणभर चाखून बघितला. चव चांगली होती. पण लगेचच भिंतीपलीकडे कान लावून बसलेला हा बोळका माणूस त्यांच्या डोळ्यांपुढे आला. त्यांनी डबा उघडला, दोन ताटल्या घेतल्या आणि भात वाढला.

"लाडू चांगले होते," ते म्हणाले. "जरा कडक."

दोघं जेवायला लागले. एकाचं तोंड उघडत नव्हतं, दुसऱ्याला चावता येत नव्हतं, त्यामुळे जेवण बराच वेळ चाललं. अच्युतरावांच्या मनात एक प्रश्न अजून रुतून होता. भात अर्धा संपल्यावर तो बाहेर आला.

"रजनी इथे बसायची, तेव्हा बोलायची काय?"

"तुमच्याविषयी," मधुकरराव म्हणाले. "दुसरं काय? हे पेपरात डोकं घालून जेवतात. भाजीत मीठ राहिलं तरी कळत नाही. समोर बसले काय आणि भिंत बसली काय, म्हणून मी आपली ओट्यापाशी उभी राहते. मी म्हटलं, वहिनी, त्यांना सांगा की. तर म्हणाल्या, मागून घ्यायचं असतं का हे?"

अच्युतराव घरी आले तेव्हा रजनीताई दिवाणावर पाय वर घेऊन, टीव्ही लावून, गरम गरम भात खात होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर असं सुख अच्युतरावांनी फार दिवसांत बघितलं नव्हतं.

"झालं जेवण?" त्या म्हणाल्या. "किती निवांत वाटलं हो आज. उद्यापासून रोज तिकडेच जेवा."

हे असं होईल याचा अंदाज अच्युतरावांच्या तपासणीत आलेला नव्हता. ते दारातच उभे राहिले. इतके दिवस जीव जाळून, जबडा मोडून घेऊन, शेवटी हाती काय आलं, तर आपणच घराबाहेर.

"तू पण चल ना उद्या," ते म्हणाले.

"मी? कशाला? तुम्ही दोघं आहात की."

"तू पण जेव तिथे. बसून."

"पण का?"

अच्युतरावांनी पंख्याकडे बघितलं, टीव्हीकडे बघितलं. पेपर हातात नव्हता. "तू समोर बसलीस की बरं वाटतं," ते म्हणाले, आणि हे म्हणताना त्यांचा जबडा जितका दुखला तितका लाडवानेही दुखला नव्हता.

रजनीताईंनी टीव्हीचा आवाज बंद केला. मग परत सुरू केला. "बघू," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी तिघंही मधुकररावांच्या टेबलापाशी बसले. दार उघडं होतं. अच्युतराव पेपर घरी ठेवून आले होते आणि आज काय म्हणायचं ते त्यांनी अंघोळीपासून ठरवून ठेवलं होतं. वाक्य लहानच होतं, पण तोंडाला सवय नव्हती, म्हणून पहिला घास नीट गिळून मग म्हणावं असा बेत होता. त्यांनी घास घेतला. तेवढ्यात मधुकररावांनी मान डोलावली.

"वहिनी," ते म्हणाले, "भात काय सुरेख झालाय."

अच्युतरावांचा घास तोंडातच राहिला. "मी म्हणणारच होतो," ते म्हणाले.

"हो," रजनीताई म्हणाल्या. "लग्न झाल्यापासून म्हणणारच आहात." आणि त्यांनी तुपाची वाटी उचलून पहिली धार अच्युतरावांच्या भातावर धरली.

मधुकररावांनी ते पाहिलं की नाही, याची अच्युतरावांनी आधी खात्री करून घेतली, आणि मगच भात कालवायला घेतला.